पाळीवरचे करंज

१९५७ च्या मे महिन्यात, मूलहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या सडकेवरच्या एका गावी, तलावाच्या पाळीवर लावलेली करंजाची सगळी झाडे एका सकाळी तोडलेली आढळली. प्रत्येक झाड गुडघ्याच्या उंचीवर तोडले होते. फांद्या कोणी नेल्या नव्हत्या. त्या जागच्या जागी पडल्या होत्या. पाळ संपते तिथून पुढे त्याच सडकेवर कडुनिंबाची रांग सुरू होत होती. त्यातल्या एकाही झाडाला कुऱ्हाड लागली नव्हती.

ही सगळी झाडे माझ्याकडे होती. सडकेच्या खात्यात मी झाडांचा ओव्हरसियर होतो. त्या काळी गडचिरोली ही चांदा जिल्ह्यातलीच एक तहसील होती आणि जिल्ह्याचा पूर्वेकडचा बराच मुलूख माझ्याकडे होता. पुढे ती नोकरी सोडून मी नागपूरला एका वर्तमानपत्राच्या कचेरीत लागलो. तिथे पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे लिहायची सवय लागली. इथेही तसेच लिहीत आहे. गावाचे नाव देत नाही. माणसांची नावे बदलली आहेत.

सडकेच्या कडेचे मोठे झाड आपोआप आले असावे असे प्रवाशाला वाटते. तसे ते येत नाही. उन्हाळ्यात कंबरेइतके खोल खड्डे खणून उघडे ठेवायचे, म्हणजे उन्हाने वाळवी आणि किडे मरतात. मग त्यांत शेणखत आणि तलावाचा गाळ भरायचा. पाऊस स्थिरावला की रोप लावायचे, भोवती बोरीच्या काट्यांचे कुंपण करायचे, आणि पुढचे दोन उन्हाळे कावडीने पाणी घालायचे. त्यानंतर झाड स्वतःचे स्वतः पाहते, असे खात्याचे म्हणणे होते. प्रत्यक्षात त्यानंतर शेळ्या येतात. गाडीवाले खोडाला बैल बांधतात आणि बैल साल खरवडतो. लग्नसराईत मांडवाला डहाळ्या लागतात. दहा रोपांतली निम्मी जगली तर ते वर्ष चांगले समजायचे.

कोणते झाड लावायचे, याबद्दल प्रत्येकाला मत असे. एका साहेबांना सगळीकडे गुलमोहर हवा होता. गुलमोहर मे महिन्यात लालभडक दिसतो, आणि त्याच मे महिन्यात त्याच्याखाली उभे राहण्याजोगी सावली नसते. गाडीवानाला फुलाचे काम नसते, हे मी त्यांना सांगितले. त्यांना पटले नाही. त्यांची बदली झाली, म्हणून तो विषय संपला.

खात्याचे झाड कडुनिंब. वरून तसाच हुकूम होता आणि निम्म्या जिल्ह्यापुरता तो बरोबर होता. मुरमाड, उंच, पाणी निथळून जाणारी जमीन असेल तर कडुनिंबासारखे झाड नाही. दोन उन्हाळे सांभाळला की तो पुढे पाणी मागत नाही. फाल्गुनात पाने झाडतो आणि ऊन चढायच्या आत नवी पालवी घेऊन उभा राहतो. त्याची सावली उंच आणि थोडी विरळ असते. खालून वारा खेळतो.

त्याची अडचण बियांपासून सुरू होते. निंबोळी आषाढाच्या सुमारास पिकून पडते. गर धुऊन दोनतीन आठवड्यांत पेरली तर उगवते; त्यानंतर बी मरते, आणि मेलेले बी जिवंत बियासारखेच दिसते. एकदा आमच्या रोपवाटिकेसाठी निंबोळ्यांचे पोते रेल्वेने बाहेरून आले. ते चांद्याच्या गोदामात पडून राहिले आणि सगळ्या सह्या झाल्यावर माझ्यापर्यंत पोचले. पेरले. वाफ्यात काहीच उगवले नाही. माझ्या हाताखालचा मुकादम गणपत सकाळी वाफ्यापाशी उकिडवा बसून माती उकरून पाही.

"साहेब, हे बी तर सरणावर चढून आलेलं हाय जी," तो शेवटी म्हणाला. "आता त्याले पाणी कायले पाजून राह्यलो आपण?"

दुसरी अडचण मुळांची. कडुनिंबाच्या मुळांना हवा लागते. पाण्यात उभा राहिला की त्याची पाने पिवळी पडतात, मग गळतात. उपटून पाहिले तर मुळे काळी झालेली असतात आणि त्यांची साल हातात निसटून येते. चांदा जिल्ह्याची पूर्व बाजू धानाची आहे. बांध्या, बोड्या म्हणजे लहान तळी, आणि तलाव. पावसाळ्यात सडकेच्या दोन्ही बाजूंना पाणी साचते ते दिवाळीपर्यंत हटत नाही. तिथे कडुनिंब लावणे म्हणजे दरवर्षी त्याच खड्ड्यात नवे रोप पुरणे.

अशा जागी करंज चालतो. तो मुळात नदीनाल्याच्या काठचा. वैनगंगेच्या काठी त्याच्या मुळांवरून पूर जातो आणि झाडाला काही होत नाही. शेंग उन्हाळ्यात झाडावरच वाळते. आतले बी चपटे, तांबूस असते आणि शेंगेतच ठेवले तर वर्षभर टिकते. गोदामात पडून राहिले तरी चालते, हा सरकारी कामात मोठाच गुण आहे. सावली दाट आणि खाली उतरलेली. मात्र कोरड्या मुरमावर करंज रखडतो. त्याच्या पानांवर बारीक किड्यांमुळे फोड येतात. झाडाला त्याने फारसे बिघडत नाही, पण पाहणीला आलेल्या साहेबांना ते आजारी वाटते आणि तसा शेरा पडतो.

आणखी एक फरक कोणत्याही पुस्तकात नव्हता. कडुनिंबाला शेळी खाते, पण माणूस सहसा तोडत नाही, कारण त्या भागात मातामायचे ठाणे निंबाखाली असते आणि देवी आलेल्या लेकराच्या अंथरुणात त्याचाच डहाळा ठेवतात. करंजाला शेळी तोंड लावत नाही. पण त्याला राखणारा देवही नाही.

गणपत निंबाच्या बाजूचा होता. "करंजात भुतं रायतात," तो म्हणे. मी विचारले, कोणी पाहिली? "पाहिली असती त सांगाले मी राह्यलो असतो का जी?"

ज्या गावाची ही हकिगत आहे तिथे सडक तलावाच्या पाळीवरूनच जाते. तलाव जुना, मालगुजारीच्या काळातला. पाळीच्या माथ्यावर झाडे लावू देत नसत. मुळे पाळीत भोके पाडतात. म्हणून खड्डे माथा सोडून पाण्याच्या बाजूच्या उतारावर घेतले होते. हुकमाप्रमाणे तिथे कडुनिंब लावला. पावसाळ्यात तलाव भरला, पाणी खड्ड्यांपर्यंत आले, रोपे मेली. दुसऱ्या वर्षी पुन्हा लावली, पुन्हा मेली. मग मी करंजासाठी परवानगी मागितली. ती बऱ्याच दिवसांनी, प्रयोग म्हणून, आली.

रोपे लावायच्या दिवशी सोनबा पाळीवर आला. तलावाच्या अंगाला ढिवरांचा मोहल्ला होता. ही मासेमारी करणारी घरे. जमीन कोणाकडे नव्हती. तलावातली मासळी आणि शिंगाडे यांवर सगळे चाले. सोनबा त्यांच्यातला वडीलधारा. साठीचा असावा, अंगाने वाळका. त्याचा उजवा हात कधी काळी डोंग्यावरून पडून निखळला होता आणि नीट बसला नव्हता. तो हात खांद्याच्या वर जात नसे. जाळे तो डाव्या हाताने फेकी.

"साहेब, पारीवर करंज नोका लावू जी," तो म्हणाला. पाळीला तिकडे पार म्हणतात.

"का, सोनबाभाऊ?"

"करंज मासा मारते."

त्याच्या बोलण्याला आधार होता. उन्हाळ्यात नदी आटून डोह उरतात. त्यांत करंजाची साल आणि पाला ठेचून टाकला की मासे झिंगून वर येतात आणि हाताने गोळा करता येतात. मोहल्ल्यातली माणसे हे करीत आली होती. म्हणूनच आपल्या तलावाच्या अंगाला ते झाड त्यांना नको होते. ठेचून टाकणे वेगळे आणि झाड काठावर असणे वेगळे, असे मी म्हणालो. वैनगंगेच्या काठी करंजच करंज आहेत आणि नदीत मासे आहेत, असेही सांगितले.

"नदी वायते," सोनबा म्हणाला. "तलाव बसून रायते."

मजूर खोळंबले होते. रोपे लावली.

ती लागली. खोडांना पावसाळाभर पाणी लागले तरी पाने हिरवी राहिली. तिसऱ्या वर्षी काटे काढले. पाचव्या उन्हाळ्यात त्यांच्याखाली बैल सोडून गाडीवान दुपार काढू लागले. बाजाराच्या दिवशी मोहल्ल्यातल्या बायका माशांच्या टोपल्या घेऊन तिथेच बसत. पाहणीच्या वेळी साहेबांनी पानांवरच्या फोडांबद्दल शेरा लिहिला.

१९५७ च्या उन्हाळ्यात त्या झाडांना पहिल्यांदाच शेंगा चांगल्या धरल्या. वाळून त्या उतारावर पडू लागल्या आणि घरंगळून पाण्यात जाऊ लागल्या. तलाव आटतो तेव्हा खोल भाग पाळीशी असल्यामुळे उरलेले पाणी पाळीलाच लागून राहते. त्या वर्षी पाणी फार खाली गेले होते. वैशाखात एका सकाळी तलावभर मासे उताणे तरंगत होते. रोहू, कतला, बारीक मासळी, सगळे. त्यांच्यामध्ये करंजाच्या शेंगाही तरंगत होत्या. त्या आठवड्यातच झाडे तोडली गेली.

उपअभियंता जीपने आले. पाळीवर उभे राहून त्यांनी खुंट पाहिले.

"कोणी तोडली?"

"पाहिलेले कोणी भेटले नाही."

"मोहल्ल्याला माहीत असणार."

"असेल."

"मग नाव आणा. पावसाळ्याआधी तलावाचा लिलाव आहे. सरकारी झाडे तोडणाऱ्याला बोली लावू द्यायची नाही, असे तहसिलीत ठरले आहे. नाव मिळाले तर त्या एका माणसाला बोलीला आणि मासेमारीला बंदी. नाही मिळाले तर त्या मोहल्ल्यातल्या कोणालाच बोली लावता येणार नाही."

ते रागावलेले नव्हते. त्यांना पुढे आणखी दोन ठिकाणी जायचे होते. मोहल्ल्याला बोली नाही, याचा अर्थ सरळ होता. तलाव बाहेरचा ठेकेदार घेणार, आपले डोंगे आणि आपली माणसे आणणार, आणि ढिवरांच्या घरांना समोरच्या पाण्यात जाळे टाकता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी गणपतला घेऊन मी मोहल्ल्यात गेलो. सोनबाच्या घरापुढे त्याची सून गिरजा जाळे झटकत होती. ती विधवा होती. घरात ती आणि सासरा दोघेच.

"आले का झाडवाले," ती म्हणाली. "बसा. एवढे मासे मेले तवा कोनी नाई आलं. चार लाकडं पडली त जीप आली."

"लाकडं नाई बाई, सरकारी झाडं होती ती," गणपत म्हणाला.

"आन मासे कोनाचे होते? तुह्या मामाचे?"

सोनबा आतून आला. मी जे ऐकले होते ते सगळे त्याला सांगितले: लिलाव, बंदी, नाव. आजूबाजूची माणसे जमली. झाडे कोणी तोडली, असे मी एकदा विचारले आणि पुन्हा विचारले नाही.

"मी लावाच्या दिवशीच सांगतलं होतं तुमाले," सोनबा म्हणाला. "सांगतलं होतं का नाई?"

"सांगितले होते."

"मंग? मेले का नाई मासे?"

"मेले. पण शेंगांनी मेले हे मला ठाऊक नाही. तुम्हाला ठाऊक आहे का?"

"डोयानं पाहाले पायजे का? पाहा मंग."

त्याने दोन मडकी मागवली. तलावात जाळे टाकून जिवंत राहिलेली बारीक मासळी आणायला एका माणसाला सांगितले. पाळ संपते तिथे निंबाच्या रांगेतले पहिले झाड होते. त्याच्या बुडाशी मातामायचा दगड होता. तिथे सावलीत मडकी ठेवली. दोन्हींत तलावाचेच पाणी भरून मासे सोडले. एका मडक्यात सोनबाने उतारावरून वेचून आणलेल्या शेंगा टाकल्या, ओंजळीने. दुसऱ्यासाठी त्याने खुंटाची साल काढून दगडावर ठेचली आणि तो लगदा पाण्यात कालवला.

पहिल्या मडक्यात शेंगांचा थर झाला. "याच्यात मासे कुठी दिसून राह्यले?" गणपतने डोकावून विचारले.

"तू मान काढ, मंग दिसन," सोनबा म्हणाला.

उरलेली मासळी गिरजाने कालवणासाठी पितळेच्या गुंडात, म्हणजे लहान घागरीत, घेतली होती. निंबाखाली जागा नव्हती, म्हणून तो गुंड तिने पाळीच्या पायरीवर ठेवला आणि आमच्याजवळ येऊन उभी राहिली.

सालीच्या मडक्यातले मासे लवकरच तिरपे पोहू लागले. मग एकेक वर येऊन उताणा झाला. जमलेल्या माणसांत हुंकार उठला. सोनबाने माझ्याकडे पाहिले.

"हे मला मान्यच होते, सोनबाभाऊ," मी म्हणालो. "दुसऱ्याचे पाहू."

शेंगांच्या मडक्यातले मासे पोहत होते. आम्ही बसून राहिलो. गणपतने तंबाखू मळली आणि सगळ्यांना दिली, सोनबालाही. ऊन डोक्यावर आले. शेंगांखाली मासे अजून हलत होते. सोनबाने हात घालून एक शेंग काढली, चावून पाहिली, थुंकली आणि परत टाकली. "थांबा. सूर्य कलू द्या," तो म्हणाला.

एवढ्यात गिरजा कालवणाला उशीर होतो म्हणून पायरीकडे गेली. तिथून तिने हाक मारली.

"मामाजी, इकडं या." सासऱ्याला तिकडे मामाजी म्हणतात.

पायरीवरच्या गुंडातले सगळे मासे मेलेले होते. पांढरी पोटे वर करून ते तरंगत होते, तलावात त्या सकाळी दिसले तसेच.

"माह्या गुंडात त ना साल, ना शेंग," गिरजा म्हणाली. "हे काऊन मेले?"

सोनबाने गुंडात हात घातला आणि लगेच बाहेर काढला. पाणी तापले होते. मग तो पाळीचा उतार उतरून तलावापर्यंत गेला आणि तिथल्या पाण्यात हात बुडवून उभा राहिला. पाळीशी उरलेले ते पाणी पोटरीएवढे होते आणि सकाळपासून उन्हात होते. खुंट त्याच्या पाठीमागे होते.

मला जे माहीत होते ते मी तेव्हा सांगितले: उथळ पाणी तापले की त्यातली मासळीला लागणारी हवा निघून जाते, आणि दाटीने राहिलेले मासे गुदमरतात. पण ते कोणी ऐकत असेल असे वाटत नाही. सगळे सोनबाकडे पाहत होते.

तो वर आला. निंबाखालच्या मडक्यात पुन्हा एकदा पाहिले. मासे होते तसेच पोहत होते.

"लिवा साहेब," तो म्हणाला. "सोनबानं तोडली."

"मामाजी!" गिरजा म्हणाली.

"तू बोलू नोको." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "करंज मासा मारते हे मोहल्ल्याले मी सांगतलं. आज नाई, पाच सालापासून सांगून राह्यलो. कुराड कोनाची बी असन. सांगनं माह्यं होतं. माह्यं नाव लिवा आन तलावाले हात नोका लावू."

"सोनबाभाऊ, तुमचा हात वर जात नाही," मी म्हणालो.

"खुंट पाहा. गुडघ्याएवढे तोडले हायत. त्याले हात वर कायले पायजे?"

एकदोन माणसे हसली. गणपत हसला नाही. त्याने सोनबाला विचारले, "भाऊ, खरं का?"

"तुले नाव पायजे का खरं पायजे? साहेबाले नाव पायजे."

कोणी पुढे येऊन दुसरे काही सांगितले नाही. झाडे कोणी तोडली हे मला त्या दिवशी कळले नाही आणि नंतरही कळले नाही.

अहवालात मी तीन गोष्टी लिहिल्या. आपण झाडे तोडली असे सोनबा सांगतो. त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. करंजाच्या शेंगा टाकलेल्या मडक्यात मासे दुपारपर्यंत जिवंत राहिले आणि उन्हात ठेवलेल्या साध्या पाण्यात मेले. उपअभियंत्यांनी पहिले वाक्य ठेवले आणि बाकीच्यांवर रेघ मारली.

"तुम्हाला नाव मागितले होते," ते म्हणाले. "मडकी मागितली नव्हती."

नाव मिळाले होते. मोहल्ल्यावरची बंदी टळली होती. त्यापुढे बोलून काय मिळाले असते ते मला तेव्हा दिसत नव्हते, आणि आजही नीट दिसत नाही.

सोनबाला तीन वर्षे त्या तलावात मासेमारी करायला बंदी झाली. लिलावाच्या दिवशी बाहेरचा एक ठेकेदार आला होता. मोहल्ल्याच्या वतीने गिरजा बोलीला उभी राहिली. बाई आहे, हिला डोंगा चालवता येतो का, असे ठेकेदाराने विचारले. "तुमी तलावात उतरा, मंग कोनाले काय येते ते पाहू," ती म्हणाली. बोली तिच्या नावावर तुटली; तलाव मोहल्ल्याकडेच राहिला.

पाळीवर पुन्हा कडुनिंब लावायचा हुकूम आला. मी लेखी हरकत घेतली. तिला उत्तर आले नाही. गणपतने उत्साहाने खड्डे घेतले, उंच ढिगारे करून त्यांवर रोपे लावली, प्रत्येकाला हळदकुंकू लावले. तलाव भरला. भाद्रपदापर्यंत सगळी पिवळी पडली. गणपत काही दिवस माझ्याशी कामापुरते बोलला.

त्याच पावसाळ्यात करंजाच्या खुंटांना कोंब फुटले. करंजाचे तसे आहे; तोडलेल्या खोडातून तो झुबक्याने फुटतो. त्यांतला एक जोमदार कोंब ठेवून बाकीचे काढले तर झाड होते, सगळे ठेवले तर झुडूप होते. हे करायचा हुकूम कोणी दिला नव्हता. हुकूम नाही म्हणून मजूर मिळत नव्हते. मी सडकेवरून जाताना थांबून जमतील तेवढे कोंब काढत असे.

सोनबा पाळीवरच असे. बंदीचा कागद त्याला कोणी वाचून दाखवला होता. त्यात पाण्याबद्दल लिहिले होते, पाळीबद्दल नाही. तो तिथे बसून जाळी विणी आणि डोंग्यातल्या पोरांवर ओरडे.

"अबे, तिकून नाई! खोलात घाल, खोलात!"

डोंग्यातून गिरजाचा आवाज येई, "मामाजी, तुमच्या तोंडाले बी बंदी हाय का ते साहेबाले विचारा एक डाव."

एकदा मी कोंब काढत असताना तो जवळ आला.

"सारे काऊन तोडता?"

"एक ठेवतो. बाकी काढले तर तो वाढेल."

"आन बाकीच्याचं का चुकलं?"

"काही नाही. मुळे एकच आहेत."

मी कोणता कोंब ठेवतो ते तो पाहत राहिला. पुढच्या वेळी मी गेलो तेव्हा उरलेल्या सगळ्या खुंटांवर एकेकच कोंब होता. कोणी केले असे मी विचारले नाही. कोंब चांगले निवडले होते. पाण्याकडे झुकलेले काढले होते, सरळ ठेवले होते.

दुसऱ्या उन्हाळ्यात तलाव पुन्हा आटला. या वेळी गिरजाने पाणी खाली जायच्या आधीच मोठी मासळी काढून विकली आणि उरलेल्या पाण्यावर, खोल भागात, बांबूच्या तट्ट्या अंथरून सावली केली. तट्ट्या कुठे बांधायच्या हे सोनबा पाळीवरून ओरडून सांगत होता. काही मासे मेले. सगळे मेले नाहीत. करंज तेव्हा माणसाच्या उंचीएवढे झाले होते. त्यांची सावली अजून पाण्यापर्यंत पोचत नव्हती.

त्यानंतर माझी बदली सिरोंच्याच्या सडकेवर झाली. तिथली माती वेगळी, झाडे वेगळी, बोली वेगळी. जुन्या सडकेच्या बातम्या उशिरा येत. उपअभियंत्यांचीही बदली झाली. नव्या साहेबांनी करंजाच्या पानांवरच्या फोडांबद्दल शेरा लिहिला, असे गणपतने कळवले.

१९५९ च्या हिवाळ्यात सोनबा वारला. बंदीची मुदत संपायला तेव्हा काही महिने उरले होते. पुढे त्या गावावरून जाण्याचा योग आला तेव्हा मी चौकशी केली. त्या मुदतीत त्याने एकदाही तलावात जाळे टाकले नव्हते, असे गिरजाने आणि गणपतने मला वेगवेगळ्या वेळी सांगितले.